कात्री आणि फणी

मनुष्य स्वतःच्या केसांच्या बाबतीत जितका हळवा, तितकाच दुसऱ्याच्या केसांच्या बाबतीत सढळ असतो. आपला भांग डावीकडे पाडावा की उजवीकडे, ह्या प्रश्नावर तो आरशापुढे वर्षानुवर्षे विचार करील. परंतु शेजाऱ्याच्या मुलाची झुलपे कानांवर आलेली दिसली, की "काढून टाका बुवा ती आता" असा निकाल उभ्या उभ्या देऊन मोकळा होईल. त्यातही ज्यांना आपले मत बोलून दाखविता येत नाही, अशांच्या केसांचा निर्णय आपण फारच झटपट करतो. तान्ह्या मुलाच्या जावळाचा मुहूर्त ठरतो, मामाची मांडी ठरते, जेवणाचा बेत ठरतो; ज्याचे जावळ काढावयाचे त्याचे मत मात्र त्याच्या रडण्यावरूनच काय ते समजावयाचे! पण मूल मोठे होते आणि एक दिवस केशकर्तनालयाच्या खुर्चीवर बसून आपली आवड स्वतः सांगू लागते. ज्याला ही मुभा जन्मभर मिळत नाही असा घरातला एकच प्राणी आहे, आणि तो म्हणजे लांब केसांचा कुत्रा.

गेल्या वर्षी पोळा होऊन आठ दिवस झाले असतील-नसतील, तोच असा एक प्राणी आमच्या भंडाऱ्याच्या घरी कायमच्या मुक्कामास आला. माझा भाचा नोकरीच्या निमित्ताने सहा वर्षे डब्लिनला राहून सहकुटुंब नागपुरास परतला होता. आयर्लंडमध्ये मराठी कुटुंबे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही; मालवण तालुक्यातील वराड गावाशी ज्यांच्या घराण्याचा संबंध आहे, ते लिओ वरदकर २०१७ साली त्या देशाचे पंतप्रधानही झाले. इतके जाणेयेणे वाढल्यावर तिकडून परतणाऱ्या कुटुंबाबरोबर तिकडचा एखादा मुका जीव आला, तर आश्चर्य ते काय? भाच्याबरोबर चार वर्षांची एक कुत्री आली. नागपुरातील चौथ्या मजल्यावरचे घर तिला मानवेना, म्हणून अंगण, विहीर आणि चिंचेची सावली असलेल्या आमच्या घरी तिची रवानगी झाली.

तिच्या जातीचे नाव 'सॉफ्ट-कोटेड व्हीटन टेरियर'. नाव लांबलचक असले तरी अर्थ सरळ आहे : मऊ केसांचा, गव्हाच्या रंगाचा टेरियर. भाच्याच्या पत्नीने त्याला शोभेल असे 'ओंबी' हे नाव ठेविले होते. परंतु गव्हाची ती ओंबी आणि धानाची ती लोंबी. आणि आमचा भंडारा जिल्हा तर वैनगंगेच्या पाण्यावर आणि जुन्या मालगुजारी तलावांवर पोसलेला धानाचा मुलूख! गल्लीतील पोरांनी चौथ्याच दिवशी ओंबीची लोंबी करून टाकिली. पोरांचे काही चुकले असे मला वाटत नाही. कार्तिकात पिकून वाकलेल्या बांधीवर संध्याकाळचे ऊन पडावे आणि वाऱ्याची एक लहर त्यावरून जावी, तसेच तिच्या पाठीचे केस दिसतात. मौज अशी की, ह्या जातीची पिल्ले जन्मतात ती काळपट तपकिरी. गव्हाचा हा रंग त्यांच्या अंगी उतरावयास दोन वर्षे लागतात. धान्याप्रमाणे हे कुत्रेही पिकावे लागते!

कुलीनतेच्या दृष्टीने पाहता लोंबीचे घराणे अगदी शेतकऱ्याचे. आयर्लंडच्या शेतावर गुरे वळणे, घराची राखण करणे, कोठारातील उंदीर-घुशींचा समाचार घेणे ही ह्या जातीची परंपरागत चाकरी. तिच्या भाऊबंदांना प्रदर्शनांतून मानाची पाने पूर्वीच वाढली गेली होती. ही मात्र बराच काळ पंक्तीच्या बाहेर उभी होती. १९३७ साली, सेंट पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी, म्हणजे १७ मार्च रोजी, आयर्लंडच्या केनेल क्लबाने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. इंग्लंडने ती १९४३ साली दिली. अमेरिकेत ह्या जातीची पिल्ले १९४६ साली गेली, परंतु तेथील क्लबाच्या दप्तरी तिचे नाव चढावयास १९७३ साल उजाडले. ही हकीगत सांगण्याचे कारण असे की, जोपर्यंत हे कुत्रे शेतावर होते तोपर्यंत त्याच्या केसांची 'पद्धत' कोणी विचारीत नव्हते. प्रदर्शनाचे दार उघडले, आणि त्या दारातून कात्री आत आली.

लोंबी आमच्याकडे आली ती अशाच कात्रीखालून निघून. एका मोठ्या शहरातील कुत्र्यांच्या केशभूषेच्या दुकानात तिला आदल्याच दिवशी नेले होते. अंगाला अत्तराचा दरवळ, गळ्यात रेशमी रुमाल आणि केस असे फुलविलेले, की कापसाचे बोंड उमलावे! आमच्या सौभाग्यवतींनी कौतुकाने तिच्या मानेत हात घातला आणि तसाच थांबविला. वरून शालू आणि आतून घोंगडी, असा तो प्रकार होता. कानांमागे, काखांत, पट्ट्याच्या खाली केसांचे असे घट्ट गुंते झाले होते, की बोट कातडीपर्यंत पोहोचेना. उजव्या कानामागचा गुंता हलविताच ती कळवळली. दुकानदाराने केसांची टोके विंचरली होती, मुळांची चौकशी केली नव्हती. पाण्याने गुंता अधिकच आवळतो. त्यामुळे आधी न सोडविता घातलेल्या त्या सुगंधी स्नानाने दुखण्यात भरच टाकली होती.

आता करावयाचे काय? तीस वर्षे ज्यांच्या हाती मी माझे डोके निर्धास्तपणे देत आलो आहे, त्या आमच्या गल्लीतील केशकर्तनकारांनाच मी बोलाविले. कुत्र्याच्या केसांस हात लावण्यास ते कमीपणा मानतील अशी मला धास्ती होती. परंतु ते आले, अंगणात फतकल मारून बसले, आणि पेटी न उघडता त्यांनी नुसती बोटे लोंबीच्या केसांतून फिरविली. मग म्हणाले, "गुरुजी, हे कापाचं काम नाही जी, हे उकलाचं काम हाये. आधी फणी, मंग कात्री."

आधी फणी, मग कात्री! केशसंस्कारावरील मोठमोठ्या सचित्र पुस्तकांचे सार ह्या चार शब्दांत आले आहे, हे मला पुढे ती पुस्तके चाळताना कळले. त्यांनी त्या संध्याकाळी आम्हांस जो पाठ दिला तो असा : गुंता टोकाकडून सोडवावयाचा, मुळाकडून नव्हे, एका हाताने केसांचे मूळ घट्ट धरावयाचे, म्हणजे ओढ हाताला बसते, कातडीला बसत नाही, फार घट्ट गाठ असेल तर ती आडवी छाटावयाची नाही, केसांच्या दिशेने तिला उभी चीर द्यावयाची आणि बोटांनी दोन भाग वेगळे करावयाचे. घरातील आजी नातीची जट सोडविताना जे करीत असे, त्याहून ह्यात वेगळे काहीच नव्हते. नऊ संध्याकाळी हे काम चालले. कानामागच्या गुंत्याखाली ओलीने कुजलेली, रुपयाएवढी जखम निघाली. गावच्या पशुवैद्यांनी दिलेल्या मलमाने ती पंधरा दिवसांत भरून आली. आणखी महिनाभर ती तशीच अत्तराखाली झाकून राहिली असती, तर तिचे काय झाले असते ह्याचा विचार न करणेच बरे.

हा गुंता होतो तरी कशाने, हे समजून घेण्यासारखे आहे. पुष्कळशा टेरियर जातींचे केस तारेसारखे राठ असतात. ते ठराविक काळाने मरतात आणि चिमटीने उपटून काढता येतात. जाणते लोक ह्या कुत्र्यांचे केस कापीत नाहीत, वेचतात. लोंबीच्या जातीचे केस रेशमासारखे मऊ, नागमोडी आणि सतत वाढणारे. तिच्या अंगावर आतली लोकर आणि बाहेरचे केस असे दोन थर नाहीत, एकच थर आहे. तिचे केस घरभर पडत नाहीत म्हणून गृहिणींना ती जात प्रिय. पण जो केस जमिनीवर पडत नाही तो जातो कोठे? तो शेजारच्या केसांतच अडकून राहतो, आणि जेथे हालचालीने घासाघास होते तेथे त्याचा नमदा बनतो. म्हणजे झाडूचे काम वाचले, ते फणीच्या खात्यावर जमा झाले! ज्याला रोजची पाव घटका देता येत नाही त्याने हे कुत्रे पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

माघ सरला, वारा तापू लागला, आणि आमच्या ओसरीवर लोंबीच्या केसांविषयी परिषद भरू लागली. तीत तीन पक्ष होते. पहिला पक्ष चकोटवाद्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, भंडाऱ्याचा उन्हाळा म्हणजे आयर्लंडचा नव्हे. मे महिन्यात येथे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. म्हशीला जशी भादरतात तशी हिला अंगभर यंत्र फिरवून मोकळी करा. दुसरा पक्ष निसर्गवाद्यांचा. देवाने केस दिले ते काही उगीच नव्हेत, ऊन आत येऊ न देण्यासाठीच ते आहेत, तेव्हा त्यांना कात्रीचा स्पर्शही करू नका, असा त्यांचा आग्रह. तिसरा पक्ष शोभावाद्यांचा, आणि त्याची पुढारी भाच्याची पत्नी. तिने नागपुराहून चित्रांची एक चवडीच पाठविली.

ती चित्रे मी लक्षपूर्वक पाहिली. एक पद्धत प्रदर्शनाची : पाठ आखूड, पाय गोल खांबांसारखे, डोके विटेसारखे चौकोनी आणि कपाळावरचे केस पुढे डोळ्यांवर ओढलेले. दुसरी पिल्लाची : सर्वांगावर एक-दोन इंच सारख्या लांबीचे केस, जेणेकरून वयस्क कुत्रेही बाळसेदार दिसावे. तिसरी श्नाउझर नावाच्या जर्मन कुत्र्याच्या धर्तीची : पाठ जवळजवळ उघडी, आणि पोटाखाली झालर व तोंडाला भरघोस दाढी. प्रत्येक चित्रातील कुत्रे सुंदर दिसत होते, ह्यात शंका नाही. मात्र एकाही चित्रात धानाची बांधी नव्हती, चिखल नव्हता आणि भंडाऱ्याचे ऊनही नव्हते.

मला वाटते, केसांच्या ह्या साऱ्या पद्धती मुळात शोभेच्या नव्हत्याच. पूडल ह्या कुत्र्याचे उदाहरण घ्या. त्याच्या कमरेपासून मागचा भाग तासलेला, छातीवर आयाळ आणि सांध्यांवर केसांचे गोंडे, हे सोंग पाहून आज कोणालाही हसू येईल. परंतु तो मूळचा पाण्यातला शिकारी. पडलेले बदक आणावयास थंडगार तळ्यात उडी घ्यावयाची. तेव्हा पोहताना ओझे होऊ नये म्हणून मागचे केस काढावयाचे, आणि छाती व सांधे गारठू नयेत म्हणून तेथले राखावयाचे, असा त्याचा हिशेब सांगतात. पुढे तळे सुटले आणि गोंडे राहिले. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी आणि पुलांवर कुत्र्यांचे केस कापणारे कारागीर आपले सामान मांडून बसत. त्यांची जुनी चित्रे अजून पाहावयास मिळतात. तोवर कुत्रा सरदारघराण्यातील स्त्रियांच्या मांडीवर जाऊन बसला होता, आणि त्याच्या केसांचा संबंध पाण्याशी न राहता मालकिणीच्या अभिरुचीशी जडला होता. टेरियरच्या डोळ्यांवरील झुलपांचेही तेच. काटेरी झुडुपांत शिरताना ती डोळ्यांचे रक्षण करीत असतील. दिवाणखान्यात ती फक्त दिसण्याच्या आड येतात. अमेरिकेत गेल्यावर ह्या जातीच्या केसांना अधिक दाटपणा यावा आणि त्यांना कात्रीने रेखीव आकार द्यावा, अशी तिकडची आवड झाली. आयर्लंडमधील कुत्र्यांच्या अंगावर मात्र तुलनेने विरळ आणि रेशमी झळाळीचे केस दिसतात. तात्पर्य, कामातून रूढी जन्मते आणि काम गेले तरी रूढी उरते. आपल्या पगड्या-पागोट्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्याचे नवल वाटू नये.

मग लोंबीचे काम कोणते? ती उंदीर धरीत नाही, गुरे वळीत नाही. मला वाटले, भंडाऱ्यात सुखाने जगणे हेच तिचे काम. आणि तिच्या केसांची पद्धत त्या कामावरून ठरावी. हा विचार मला आमच्या पोळ्यानेच शिकविला. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेतकरी बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकतो, त्याला तूप-हळद चोळतो. शिंगांना रंग आणि पाठीवर झूल ही शोभा दुसऱ्या दिवशीची. पहिला मान, जेथे वर्षभर जू घासले त्या खांद्याचा. जनावराच्या निगेचे सारे शास्त्र ह्या क्रमात आहे. जेथे घासते तेथे आधी पाहावे.

ह्या दृष्टीने पाहू लागताच तिन्ही पक्षांचा निकाल आपोआप लागला. चकोटवाद्यांची करुणा खरी, पण ती माणसाच्या मापाने मोजलेली. आपल्याला घाम सर्वांगावर येतो, म्हणून डोके भादरले की वाऱ्याने गार वाटते. कुत्र्याला घाम येतो तो काय तो पंजांच्या तळव्यांशी. अंगातील उष्णता तो मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवितो. केस काढल्याने त्याची ही व्यवस्था बदलत नाही. उलट पांढुरकी नाजूक कातडी उन्हाने भाजते. निसर्गवाद्यांची भक्ती खरी, पण निसर्गाने हे केस आयर्लंडच्या पावसाळी गारठ्यासाठी दिले होते; जीव येथे आणला माणसाने, तेव्हा माणसाने हात झटकून निसर्गाकडे बोट दाखविणे बरे नव्हे. आणि शोभावाद्यांविषयी काय सांगावे? लोंबी आरशापुढून जाते तेव्हा आरशाकडे पाहातसुद्धा नाही!

पाडवा झाल्यावर ते आमचे केशकर्तनकार पुन्हा आले. दोन दिवस आधीपासून विंचरून केस मोकळे केलेले होते. पाठीवर दीड इंच केस ठेविले, म्हणजे ऊन कातडीला लागू नये. पोटाखाली आणि काखांत त्याहून आखूड केले, म्हणजे थंड फरशीचा गारवा पोटाला लागावा. बोटांच्या बेचक्यांतील केस काढले, कारण माळावरच्या गवताची कुसळे तेथेच शिरतात आणि एकदा शिरले की आतल्या आत पुढे सरकत जातात. दाढी जेवताना व पाणी पिताना ओली राहून वास मारते म्हणून निम्मी केली. डोळ्यांवरची झुलपे विरळ केली. ती काढल्यास कुत्रे आंधळे होते असा एक जुना समज ऐकला होता. लोंबीने तर त्या दिवशी प्रथमच चिंचेवरची खार दुरून पाहिली आणि आमच्या ओसरीची शांतता कायमची भंगली. यंत्र मधून मधून तापे, तेव्हा ते गृहस्थ स्वतःच्या मनगटाला लावून पाहात आणि निवेपर्यंत थांबत. एवढे मला कोणत्याही चित्रात दिसले नव्हते.

तरीही खरा उन्हाळा कात्रीने निभावला असे मी म्हणणार नाही. नवतपाच्या नऊ दिवसांत पहाटे पाचला आणि रात्री जेवणे झाल्यावर तेवढे तिचे फिरणे होई. दुपारी डांबराचा रस्ता तळव्यांना भाजतो. माठाखालची ओली जागा तिने आपली म्हणून जाहीर केली होती, आणि आम्ही ती मान्य केली. सावली, पाणी आणि कूलरचा ओला वारा ह्यांनी जे काम केले त्यापुढे केसांच्या लांबीची बढाई मारण्यात अर्थ नाही.

पावसाळा मला उन्हाळ्याहून कठीण वाटला. रोवणीच्या दिवसांत चिखल, केस वाळावयाचे नाहीत, आणि गोचिडांचा सुकाळ. श्रावणातील एका संध्याकाळी सौभाग्यवतींच्या हातातील फणी लोंबीच्या कानाच्या मुळाशी अडली. गुंता म्हणून पाहतात तो फुगलेली गोचीड. आणखी दोन बोटांच्या बेचक्यात निघाल्या. त्यांनी तो दिवस भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खुणेने लिहून ठेविला. दहा-बारा दिवसांनी लोंबीने भाकरीकडे पाठ फिरविली, अंग तापले. पशुवैद्यांना ती तारीख सांगताच त्यांनी रक्त तपासले, गोचीडताप निघाला. चार आठवडे औषध चालले. "लवकर आणलीत," एवढेच ते म्हणाले; पण त्या दोन शब्दांतील राहिलेला अर्थ आम्हां दोघांसही कळला. दाट केसांखाली गोचीड कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि तो ताप अंगात मुरला म्हणजे कुत्र्याचे रक्तच आटवितो. त्या दिवशी लोंबीला वाचविले ते फणीने.

कोणी म्हणेल, असल्या केसांचे कुत्रे भंडाऱ्यास आणावेच कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि नवे पिल्लू घेऊ इच्छिणाऱ्याने तो स्वतःस अवश्य विचारावा. ह्या उष्ण भूमीने आपले कुत्रे स्वतः घडविले आहेत. दख्खनचा कारवानी, मुधोळचा शिकारी कुत्रा, हे बारीक अंगाचे आणि आखूड केसांचे आहेत. आणि आपल्या दाराशी येणारा गावठी कुत्रा तर ह्या हवेची केशभूषा जन्मतःच करून येतो. त्याच्यापुढे कोणत्याही कारागिराची कात्री फिकी पडेल. परंतु जो जीव आपल्या दारी आलेला आहे, त्याच्यापुढे 'तू येथला नव्हेस' हे विधान कितीही शास्त्रशुद्ध असले तरी त्याच्या काखेतला गुंता त्याने सुटत नाही.

नामदेवरायांची ती कथा लहानपणी आपण सर्वांनीच ऐकलेली असते. कुत्र्याने पोळी पळविली तेव्हा ते काठी घेऊन नव्हे, तर तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ह्या कथेत सर्वांभूती देव पाहण्याची थोरवी आहे, हे खरेच. पण आताशा मला तिच्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते. कोरडी पोळी कुत्र्याच्या घशाला कशी लागेल, हे त्या धावत्या क्षणीही त्यांच्या मनात आले. दुसऱ्याच्या घशाने घास गिळून पाहणे, दुसऱ्याच्या कातडीने ऊन सोसून पाहणे, एवढे जमले म्हणजे निगा कशी राखावी हे फारसे शिकवावे लागत नाही. आणि ते जमावयास जवळ बसावे लागते. कात्री वर्षातून चार वेळा येते. तिचे काम झाले की पाहुणे वाहवा करतात. फणी रोज येते, आणि तिच्या कामाची कोणी वाहवा करीत नाही. पण कोठे दुखते, कोठे सुजले, वजन उतरले की काय, ह्या साऱ्या बातम्या फणीच्या दातांतून हाताला कळतात. आरंभी लोंबी तीन पायांवर उभी राहून सुटकेची वाट पाही. आता दिवेलागणीला ती स्वतः येऊन सौभाग्यवतींच्या पायांशी आडवी होते आणि दुखरा कान आधी पुढे करते. दुखते ते पुढे करण्याइतका भरवसा हा मला कोणत्याही प्रदर्शनातील पदकाहून मोठा वाटतो.

हल्ली घरी येणारे पाहुणे लोंबीकडे पाहून विचारतात, "ही कोणती हो स्टाईल?" चित्रांच्या चवडीत तिचे नाव नाही, त्यामुळे मी काय सांगावे ह्या विचारात पडतो. परवा सौभाग्यवतींनीच उत्तर दिले. "स्टाईल कसली? वेणीफणी करतो झालं!" मी मनात म्हटले, आपल्या भाषेने हा वाद कधीच निकालात काढून ठेविला आहे. लेकीबाळींच्या केसांची निगा म्हणावयाची तेव्हा तिने जो शब्द घडविला, त्यात फणी आहे. कात्रीला तिने त्यात जागाच दिलेली नाही.